पायाखालची ऊब आणि विजेचे बिल



तुळशीचे लग्न लागले की आपल्या परदेशीपुऱ्यात सकाळी उठल्याबरोबर पहिली शोधाशोध चपलांची होते. हवेतला गारवा शाल-स्वेटरवर निभावतो, पण कोटा किंवा टाईल्सच्या फरशीवर उघडा पाय पडला की कळ तळव्यातून थेट गुडघ्यापर्यंत जाते. डिसेंबर-जानेवारीत इंदूरला रात्री पारा बहुधा दहा अंशांच्या आसपास असतो आणि शीतलहर आली की पाच-सहापर्यंतही उतरतो. तरुणांना याचे काही वाटत नाही. आमच्या वयाच्या मंडळींना मात्र वाटते. पाय गारठतो म्हणून रात्री उठायला नको, उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायला नको, असे चक्र सुरू होते. अंधारात घाईने बाथरूमकडे जाताना पाय घसरला तर पुढचे सांगायलाच नको.

अशा वेळी लंडन-टोरांटोकडची मुले फोनवर सांगतात, "बाबा, फरशीखाली इलेक्ट्रिक हीटिंग बसवून घ्या, आमच्याकडे बाथरूममध्ये आहे, फार छान वाटते." आता आपल्याकडेही घराचे नूतनीकरण करणारे ठेकेदार हा पर्याय सुचवू लागले आहेत, आणि माहितीपत्रकावर 'एनर्जी एफिशियंट' हे शब्द ठळक छापलेले असतात. तेव्हा हे घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यायचेच तर कसे निवडावे, याचा हिशेब सर्वांनी मिळून करावा म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपल्या हवेत फरशी तापवणे ही लहान जागेपुरती, थोड्या वेळेपुरती आणि फरशी नव्याने बसवायचीच असेल तेव्हा करायची गोष्ट आहे. यंत्र कोणते घेतले यापेक्षा किती चौरस फूट आणि किती तास, यावर बचत ठरते.

फरशी गार का लागते?

खोलीतली सतरंजी आणि तिच्या शेजारची उघडी फरशी या दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखेच असते. तरी फरशी गार आणि सतरंजी उबदार लागते, कारण दगड पायातली उष्णता भराभर ओढून घेतो आणि सुताच्या जाड विणीतली हवा ती ओढू देत नाही. म्हणजे आपल्याला जे 'गार' लागते ते फरशीचे तापमान कमी, तर पायातून उष्णता जाण्याचा वेग जास्त असतो. यातून दोन उपाय निघतात. एक, फरशी पायाच्या तापमानाजवळ आणायची. दोन, पाय आणि फरशी यांच्यामध्ये उष्णता अडवणारे काही घालायचे. पहिल्याला वीज लागते, दुसऱ्याला लागत नाही. हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

फरशी तापवण्याची कल्पना काही आजची नाही. रोमन लोक फरशीखालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा खेळवत. कोरियातली 'ओंडोल' पद्धत अशीच चुलीच्या धुरावर चाले. आपल्या काश्मीरमध्ये घरांत आणि मशिदींत 'हमाम' असतो: खाली लाकडे जळतात आणि वरच्या दगडी फरशीवर माणसे बसतात. आजच्या काळात याचे दोन प्रकार आहेत. फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवणे हा एक. परदेशात संपूर्ण घर असे तापवायचे असेल तर बहुधा हाच वापरतात. दुसरा विजेचा: फरशीच्या लगेच खाली पातळ तारांची जाळी. बाथरूम किंवा एखाद्या खोलीसाठी हा प्रकार सोयीचा. आपल्याला सांगितला जातो तो हा दुसरा.

'एनर्जी एफिशियंट' या शब्दांचा अर्थ

तारेतून वीज वाहिली की तार तापते. इस्त्री, गीझर, रॉडचा हीटर, तेलाचा रेडिएटर आणि फरशीखालची जाळी या सर्वांचे तत्त्व एकच आहे. एक युनिट वीज जळली की सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते, यंत्र स्वस्त असो वा महाग. म्हणून 'आमची तार इतरांच्या निम्म्या विजेत तेवढीच ऊब देते' असे कोणी सांगितले तर शांतपणे हात जोडावेत. फ्रिज, एसी किंवा गीझर घेताना आपण तारे मोजतो. ती सवय इथे कामाला येत नाही.

मग फरक कशात पडतो? चार गोष्टींत: उष्णता वर खोलीत येते की खाली जमिनीत जाते, किती जागा तापते, किती वेळ तापते, आणि पुरेशी तापल्यावर वीज आपोआप बंद होते की नाही. या चार गोष्टी ज्याने नीट सांभाळल्या, त्याचे हीटिंग काटकसरीचे.

याला अपवाद एकच, आणि तो फरशीखाली बसत नाही. 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसी उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. म्हणून आपल्यासारख्या हवेत एका युनिटमागे तो साधारण तीन युनिटइतकी ऊब देतो. नेहमीचा फक्त थंड करणारा एसी हे काम करू शकत नाही, हे खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे.

वही-पेन्सिल घेऊन

बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही आधी आकडे मांडत असू आणि मग गोष्ट ऐकत असू. इथेही तेच करू. टाईल्सखालच्या जाळीची ताकद सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला १५० वॅट धरतात. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. पलंग, कपाट, कमोड यांच्याखाली जाळी घालायची नसते, म्हणून मोकळी जागाच मोजायची.

पहिला हिशेब बाथरूमचा. मोकळी जागा २० चौरस फूट धरली तर जाळी सुमारे २८० वॅटची होते. सकाळी दोन तास आणि रात्री एक तास चालवली तर रोज ०.८४ युनिट, महिन्याला सुमारे २५ युनिट.

दुसरा हिशेब आई-वडिलांच्या खोलीचा. खोली १० बाय १२ फूट, त्यातली मोकळी जागा ७५ चौरस फूट. जाळी सुमारे १०५० वॅटची. रोज पाच तास चालवली आणि थर्मोस्टॅटने त्यातला एक तृतीयांश वेळ ती बंद ठेवली असे धरले, तर रोज साडेतीन युनिट, महिन्याला १०५ युनिट.

तिसरा हिशेब संपूर्ण घराचा. मोकळी जागा ४०० चौरस फूट. जाळी ५.६ किलोवॅटची. त्याच पद्धतीने चालवली तर महिन्याला सुमारे ५६० युनिट. शिवाय गीझर, मोटर, मिक्सर यांच्या जोडीला एवढा भार आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांच्या मंजूर भारात बसणार नाही. मीटरपासूनची तारही बदलावी लागेल. हा प्रस्ताव आम्ही पहिल्याच पानावर नामंजूर करू.

१५० युनिटची रेघ

आता मुद्दा आपल्या बिलाचा, जो कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आपण सवयीने अजून 'एमपीईबीचे बिल' म्हणतो. प्रत्यक्षात ते पोलोग्राउंडवर मुख्यालय असलेल्या मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे असते. घरगुती दर टप्प्यांनी चढतात: ५० युनिटपर्यंत, ५१ ते १५०, १५१ ते ३०० आणि त्यापुढे. सोबतचा स्थिर आकारही वापराबरोबर वाढतो. या शिवाय 'अटल गृह ज्योती योजना' आहे. महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. १५० ची रेघ ओलांडली की त्या महिन्याची सवलत जाते, आणि ती वरच्या युनिटांपुरती नव्हे, पहिल्या शंभरावरचीही.

समजा, एखाद्या घरात डिसेंबरचा वापर १२० युनिट आहे. बाथरूमचे २५ मिळवले तर १४५ होतात. घर रेघेच्या आत राहते. खोलीचे १०५ मिळवले तर २२५ होतात. मग फक्त १०५ युनिटचे पैसे वाढत नाहीत, आधीच्या शंभर युनिटची सवलतही हातची जाते आणि ७५ युनिटना वरच्या टप्प्याचा दर लागतो. म्हणून हीटिंगचा खर्च काढताना 'युनिट गुणिले दर' एवढे पुरत नाही. मागच्या वर्षीची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची चार बिले समोर ठेवावीत, प्रत्येकात नवे युनिट मिळवावेत आणि संपूर्ण बिल पुन्हा मांडावे. दर आणि योजनेच्या अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा चालू बिलावरचेच आकडे घ्यावेत.

ज्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत त्यांचा हिशेब वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरमधून रात्रीच्या वापरात वळती होते, त्यामुळे त्यांना फरशीचे २५-३० युनिट जाणवणार नाहीत. पण केवळ फरशी तापवण्यासाठी सौर पॅनेल लावणे म्हणजे एका पाहुण्यासाठी मंगल कार्यालय घेणे.

त्यांचे घर आणि आपले घर

मुले सांगतात ते खोटे नसते, पण त्यांचे घर वेगळे असते. थंड देशांत भिंतींत, छतात आणि जमिनीखाली उष्णता अडवणारे थर असतात, खिडक्यांना दुहेरी काच असते, आणि घर सहा-सहा महिने तापवायचे असते. तिथे एकदा आलेली ऊब तासन् तास टिकते.

आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली. वर झरोके, दाराखाली बोटभर फट, आणि सिमेंटची उघडी गच्ची, जी रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत राहते. आपल्या गल्ल्यांतल्या घरांना एक फायदा मात्र आहे: दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना लागून असतात, त्यामुळे ऊब मुख्यतः पुढून, मागून आणि वरून जाते. तेवढ्या तीन बाजू सांभाळल्या तरी पुष्कळ काम होते. आणि आपला कडाका जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. दुपारी ऊन पडले की दारे उघडून बसता येते. वर्षातले साठ-सत्तर दिवस वापरायच्या वस्तूसाठी किती भांडवल अडकवायचे, हा साधा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या जमिनीची. इंदूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून तळमजल्याच्या फरश्या खचतात, सांधे उघडतात. कुठे कुठे पावसाळ्यात ओलही वर येते. अशा फरशीत तारांची जाळी घालू नये. आधी खालचा भराव आणि ओल दुरुस्त करावी, नाहीतर फरशीबरोबर तारही तुटेल आणि तुटलेली तार शोधायला पुन्हा फरशीच फोडावी लागेल.

बसवायचेच ठरले तर

बाथरूमचे काम निघालेच आहे, घरात वडीलधारी माणसे आहेत आणि हिशेब जमतो आहे, तर जरूर बसवावे. मात्र कोटेशन घेताना पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

१. जाळीखाली उष्णतारोधक बोर्ड आहे का? हा नसेल तर निम्मी लढाई तिथेच हरलो. उष्णता खालच्या काँक्रीटला तापवत बसते. बोर्ड असला तर टाईल अर्ध्या तासाच्या आसपास कोमट होते, नसला तर कितीतरी जास्त वेळ लागतो. बोर्ड, जाळी, थर्मोस्टॅट आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे मागावेत; एकत्र आकड्यात नेमका बोर्डच गळतो.

२. थर्मोस्टॅटला फरशीतला सेन्सर आहे का? खोलीची हवा मोजणारा थर्मोस्टॅट बाथरूममध्ये उपयोगाचा नाही. सेन्सर नळीतून घातलेला असावा, म्हणजे बिघडला तर फरशी न फोडता बदलता येतो. वेळ लावण्याची सोय असावी: उठण्याआधी अर्धा तास चालू, आंघोळी आटोपल्या की बंद.

३. तापमानाची मर्यादा काय? युरोपीय मानकांनुसार राहत्या खोलीत फरशी २९ अंशांच्या आणि बाथरूममध्ये ३३ अंशांच्या वर जाऊ नये. लाकडी फरशीला साधारण २७ ची मर्यादा पाळतात. फरशी गरम लागायला नको, गार लागली नाही की काम झाले.

४. सुरक्षा. जाळीची लाईन स्वतंत्र असावी, तिला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या घरांत अर्थिंगची पिन असते, तिच्यामागे तार असतेच असे नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

५. तपासणी. जाळी अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाईल्स बसल्यावर अशी तीन वेळा मीटरने तारेचा रोध आणि इन्सुलेशन मोजून आकडे वॉरंटी कार्डावर लिहून घ्यावेत. टाईल्स झाकण्याआधी जाळीचा फोटो काढून ठेवावा. पुढे कोणी ड्रिल मारायला आले तर तोच उपयोगी पडतो. जाळी वळवताना तिचे कापड कापायचे असते, तार कधीही नाही, हे मिस्त्रीला समोर उभे राहून सांगावे. खालचे सिमेंट किंवा चिकटवण पूर्ण वाळेपर्यंत, कंपनीने सांगितलेले दिवस, स्विच लावू नये.

कोणी जास्त जपावे

ज्यांना मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी या उबेवर, आणि त्याहून अधिक शेकायच्या पॅडवर व गरम पाण्याच्या पिशवीवर, फार विसंबू नये. चटका जाणवत नाही आणि कोमट वाटणाऱ्या वस्तूनेही बराच वेळ टेकल्यावर त्वचा भाजू शकते. तापमान खाली ठेवावे आणि रोज पाय पाहावेत. तापलेल्या फरशीवर जाड गादी अंथरून झोपू नये, खाली उष्णता कोंडते. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून तर कधीच झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

फरशी न फोडता

ज्यांना नूतनीकरण करायचे नाही त्यांनी निराश व्हायचे कारण नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जाड जाजम किंवा सतरंजी घालावी, तिच्याखाली न सरकणारी रबरी जाळी ठेवावी, म्हणजे पाय अडखळणार नाही. दाराखालची फट बंद करणारी पट्टी लावावी. सूर्य मावळायच्या आधी खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत. घरात लोकरी मोजे आणि मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला वापराव्यात. बाथरूमची फरशी रात्री कोरडी पुसून ठेवावी. ओली फरशी गारही असते आणि घातकीही. वाटेवर छोटा रात्रीचा दिवा असावा. खोली तापवायची असेल आणि एसी तसाही घ्यायचाच असेल, तर 'हॉट अँड कोल्ड' घ्यावा: जी ऊब जाळी १०५ युनिटमध्ये देते तेवढी तो साधारण ३५ मध्ये देईल. हवा गरम झाली तरी फरशी गारच राहते, म्हणून सतरंजी तेव्हाही हवीच.

या सगळ्याचा खर्च मांडून पाहिला तर बहुतेक घरांत पहिली पायरी जाजम, पट्टी आणि दिवा ही असेल. दुसरी पायरी, बाथरूमचे काम निघाले तर, वीसेक चौरस फुटांची जाळी. आणि त्यापुढची पायरी चढण्याआधी चार महिन्यांची बिले पुन्हा एकदा पाहावीत.

मुलांना नाही म्हणताना मात्र नुसते 'कशाला उगाच खर्च' म्हणू नये. त्यांना काळजी आहे ती आपल्या पडण्याची, आणि ती रास्त आहे. बाथरूमची मोकळी जागा मोजून, बिलाचा आकडा काढून त्यांना कळवावा. मग जाळी बसो वा सतरंजी अंथरली जावो, रात्री उठताना पाय कचरू नये आणि कोणी तहान मारून झोपू नये, एवढे झाले की हिवाळा सुखाचा गेला म्हणायचे.